गोठ्यातली कानडी

लग्न होऊन कळंबला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दचकून उठले. भिंतीपलीकडं कुणीतरी बाई कडाकडा भांडत होती. एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज असा, की आता कुणाचं तरी डोकं फुटणार. मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्या, शेजारी भांडण लागलंय का?"

सासूबाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "भांडण कशाचं? कानडी काकू हायत. गाईसंगं बोलत्यात. आन भांडत न्हाईत त्या, लाड करत्यात."

काकूंची आणि माझी ओळख ही अशी, भिंतीतून झाली.

काकूंचं माहेर उमरग्याच्याही पलीकडं, कानडी मुलखात. परकर नेसायच्या वयात लग्न होऊन त्या इथं आल्या, तेव्हा त्यांना मराठीतलं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. नवरा निजामाच्या तहसील कचेरीत कारकून. बाहेर उर्दू, घरात मराठी. सासू मोठी करारी. तिनं पहिल्याच दिवशी सुनेला बजावलं, की या उंबऱ्याच्या आत कानडी हेल ऐकू येता कामा नये, पोरंबाळं बिघडतील. घरात नाही म्हटल्यावर उरला मागचा गोठा. काकूंनी आपली भाषा उचलली आणि गोठ्यात नेऊन बांधली.

मी आले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन दोन-चार वर्षं झाली होती. निजाम गेला होता, काकूंचा नवरा त्याच्याही आधी गेला होता, आणि सासूला जाऊन तर जमाना लोटला होता. घरात काकू एकट्या, मुलगा शिकायला हैदराबादला. कुणाची म्हणून आडकाठी नव्हती. तरी स्वयंपाकघरात त्यांच्या तोंडून कानडी शब्द कधी निघाला नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काकू, आता कुणाला भिताय? बोला की मोकळं."

त्यांनी चुलीकडं बोट दाखवलं. "ते ऐकतंय गं अजून."

त्यांची मराठी म्हणजे एक तमाशा होता. बाप्या असो, बाई असो, पाऊस असो, सगळं 'आलंय' आणि 'गेलंय'. "सासरा तुझं बाजारातनं आलंय का?" असं त्या मला भर आडावर विचारायच्या आणि बाया फिदीफिदी हसायच्या. पोरीसोरी त्यांची नक्कल करायच्या. काकूही हसायच्या, वर म्हणायच्या, "नक्कल बरं जमलंय तुझं, पण नाकात बोल अजून जरा." मात्र पाहुणा निघाला, की त्यांच्या तोंडून दोन वाक्यं अगदी धुतल्यासारखी स्वच्छ यायची: "सावकाश जावा. परत या." तहसीलदाराचा शिपाई असो, बांगड्यांची कासारीण असो, नाहीतर मीठ मागायला गेलेली मी असो, तीच दोन वाक्यं, तोच सूर. सासूनं पाठ करून घेतलेली. माझा तर जीव वैतागायचा. अहो, भिंतीपलीकडं तर जायचं, त्याला काय 'सावकाश जावा'?

त्यांचा मुलगा विश्वनाथ. काकू त्याला 'इसनाथ' म्हणायच्या. हे पोर गोठ्यात वाढलं म्हटलं तरी चालेल. काकू धार काढायला बसल्या, की हा शेजारी पालथ्या टोपलीवर. तिथं आईनं त्याला कानडी दिली. घरात मराठी, शाळेत उर्दू, गोठ्यात कानडी; तीन दारांतून तीन भाषा, आणि पोराला त्याचाच नाद लागला. हैदराबादला कॉलेजात गेला, तिथं तेलुगू उचलली, इंग्रजी तर होतीच. सुट्टीत आला की आमच्या ह्यांच्याशी ओट्यावर तासन्‌तास बोलत बसायचा. हे हायस्कुलात मास्तर, त्यांना कौतुक. पण तसा पोरगा अबोल. इतक्या भाषा येणारं माणूस इतकं गप्प कसं, याचं मला नवल वाटायचं.

कॉलेज संपलं आणि एक दिवस बातमी आली, की विश्वनाथ जर्मनीला चालला. शिष्यवृत्ती मिळाली. कशासाठी, तर भाषा शिकायला!

गावात कुणाला ते पटेना. आडत्यांच्या दुकानात, एसटी स्टँडवर तोच विषय. कुणी म्हणालं, बॅरिष्टर व्हायला जातो म्हण, इंजिनेर व्हायला जातो म्हण, भाषा शिकायला काय समुद्र ओलांडायचा? बोलता येतंय की त्याला! आमच्या सासूबाई तर काकूंना समोरच म्हणाल्या, "आवो, एकुलतं एक लेकरू. न्हाय म्हणा की. घरात बसून पुस्तकातनं शिकंल."

काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "पुस्तकातनं भाषा येत न्हाय, आक्का. नांदावं लागतंय. म्या नांदले तवा मराठी आलं. आता इसनाथ नांदाय जातंय."

सासूबाई घरी येऊन कपाळाला हात लावून बसल्या. म्हणे, पोरगा कधी नांदायला जातो का!

निघायच्या दिवशी येडशीच्या स्टेशनापर्यंत पोचवायला बैलगाडी दारात उभी. गावातली चार शहाणी माणसं हार घेऊन आली होती. विश्वनाथ नवा कोट, नवे बूट घालून ओट्यावर. आणि काकूंचा पत्ता नाही! मग त्या मागच्या दारानं आल्या, लेकाच्या मनगटाला धरलं आणि सगळ्यांच्या देखत त्याला ओढत गोठ्यात घेऊन गेल्या. नवे बूट शेणात. हारवाले एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. मी दूध न्यायला जायची तशी लोटी घेऊन गोठ्याच्या दारात होते, म्हणून मला दिसलं. काकूंनी त्याच्या तळहातावर दही घातलं. त्यानं ते चाटलं आणि म्हणाला, "होगि बर्तीनि, अव्वा." जाऊन येतो, आई. काकू म्हणाल्या, "होगि बा." जा आणि ये. बस्स. रडल्या नाहीत. पदरानं त्याच्या बुटाचं शेण पुसलं आणि त्याला सोडून दिलं.

त्यानंतर मात्र त्या घरात जे सुनं सुनं झालं, ते भिंतीपलीकडं मला जाणवायचं. आतापर्यंत सुट्टीत का होईना, दुसरं माणूस होतं कानडी बोलणारं. आता एक गाय उरली. गौरी तिचं नाव, जातीची देवणी, पांढरी आणि कानांपाशी काळी. काकू तिला विचारायच्या, तिच्या वतीनं आपणच उत्तर द्यायच्या, मग त्या उत्तरावर चिडायच्या. मला वाटतं, बोलायला कुणी नसणं परवडलं. पण आपली भाषा कळणारं सगळ्या गावात एकही माणूस नसणं म्हणजे भर बाजारात मुक्यानं उभं राहणं आहे.

मग पत्रं यायला लागली. काकू निरक्षर. वाचायला मी. आणि त्या पत्रांची गंमत अशी, की अक्षर मराठी, भाषा कानडी. त्याला ठाऊक होतं की कळंबात कानडी वाचणारं कुणी नाही, म्हणून हा पठ्ठ्या बाळबोध अक्षरांत कानडी लिहायचा. पत्र आलं, की ते घरात उघडायचं नाही. आम्ही दोघी गोठ्यात. मी विश्वनाथाच्या टोपलीवर बसायची आणि खणखणीत वाचायला लागायची: "अव्वा, ना आराम अदीनि. नी ह्यांग अदि?" मी बरा आहे, तू कशी आहेस, एवढं नेहमीचं असायचं म्हणून मला कळायला लागलं. पुढचं सगळं माझ्या डोक्यावरून. मी वाचायची आणि काकू मधेच खुदकन हसायच्या. मधेच डोळ्यांना पदर लावायच्या. मी थांबून विचारायची, "काय झालं? काय म्हणतो?"

"तुला सांगायसारकं न्हाय. वाच पुढं."

म्हणजे मी टपालाची पेटी! माझ्या तोंडून पत्र जायचं आणि मलाच पत्ता नाही. मी फणकारायची, "जावा, नाही वाचत." मग काकू माझी हनुवटी धरायच्या. "वाच की गं. तुझ्या तोंडात कानडी खडीसाखर चावल्यासारकं वाजतंय, पण गोड हाय."

एकदा काकूंना हिवताप चढला. अंथरुणावरून उठवेना. गौरीनं गावाला दोन दिवस पिळून काढलं. गवळी आला, त्याला लाथ. आमच्या सासूबाई गेल्या, त्यांची दुधाची कासंडी उडवली. पान्हा चोरून बसली ती बसली. सड तटतटलेले, गाय हंबरतेय, वासरू ओढतंय. काकू तापात बडबडायच्या, "तिला बोला कुणीतरी, तिला बोला." पण बोलणार काय आणि कोण? शेवटी मी गेले. मला कानडी येत होती ती पत्रातली. मी गौरीच्या पाठीवर हात ठेवला आणि परत परत वाचून पाठ झालेलं विश्वनाथाचं पत्र म्हणायला सुरुवात केली. अव्वा, मी बरा आहे, तू कशी आहेस. कान टवकारून गाय उभी राहिली. मी पुढचं म्हटलं, जे मला काही कळत नव्हतं, ते सगळं म्हटलं. आणि काय सांगू, गौरीनं पान्हा सोडला! काकूंना हे सांगितलं तेव्हा अंगात एवढा ताप असून त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "इसनाथानं त्या पत्रात पोलिसाची तक्रार लिवली हुती गं, सायकलला दिवा न्हाय म्हणून धरल्याली!"

त्याच दुखण्यातून उठल्यावर त्यांनी मला त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली. धार काढता काढता सांगितली, आणि ती मला सांगायची म्हणून मराठीत, गोठ्यात बसून. त्यामुळं मधे मधे अडखळत होत्या.

त्यांच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा बाप लेकीला बघायला आला. कानडी मुलखातला शेतकरी, मराठीचा गंध नाही. सासू समोर बसलेली. लेक दारामागं. आता आपला बाप कानडीत बोलणार, आपल्याला उत्तर द्यावं लागणार आणि तो गेल्यावर सासू सोलून काढणार, या भीतीनं पोरीनं दाराची कडी घट्ट धरली. पण बाप शहाणा. वाटेत गाडीवानाकडून त्यानं मराठी शिकून घेतली होती, जेमतेम दोन वाक्यं. घोटून घोटून आणलेली. त्यानं पोटच्या पोरीला विचारलं, "बरं हाय का तुमचं?" आणि उठताना म्हणाला, "सावकाश राहावा. येतो." परक्या बाईला म्हणावं तसं.

"लई वंगाळ मराठी हुतं आमच्या बापाचं," काकू हसत म्हणाल्या. मग धार थांबली. "तवा लई रडले म्या. वाटलं, बापानं तोडलं मला. पुढं कळालं. त्यानं मला मार चुकवला." त्यांनी गाईच्या पोटाला कपाळ टेकलं, आणि मग कासंडी माझ्याकडं दिली.

वर्षं गेली. विश्वनाथाची जर्मन झाली, मग फ्रेंच, मग आणखी कुठली तरी. तिथंच कॉलेजात शिकवायला लागला. तिथलीच मुलगी केली. फोटो आला तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. काकू शांत. "म्या म्हणलं हुतं की, नांदाय गेलंय."

पण पत्रं बदलली. आधी एखादा मराठी शब्द यायचा. मग एखादं वाक्य. आणि एकदा मी वाचत होते आणि अचानक वाचलेलं मला कळलं! "इकडे फार बर्फ पडला आहे, दारातून बाहेर पडता येत नाही." मला असा आनंद झाला, मी टाळीच वाजवली. "काकू, कळलं की मला!"

काकूंचा चेहरा उतरला. "व्हय," त्या म्हणाल्या. "आता तुला माझ्याआधी कळतंय."

पुढं पुढं पत्रात वरची ओळ तेवढी कानडी राहिली. अव्वा, मी बरा आहे, तू कशी आहेस. खाली सगळी मराठी. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. मराठी त्यानं लिहिलेली-वाचलेली होती, पुस्तकं नेली होती बरोबर. कानडी नुसती तोंडातली, तीही एका आईच्या तोंडातली. तिकडं ती कुणाशी बोलणार होता तो? काकू तरी पत्र गोठ्यातच ऐकायच्या. वाचून झालं की म्हणायच्या, "वरचं ओळ परत एकदा वाच." मी वाचायची.

आणि तो आला. आठ-नऊ वर्षांनी. बायको नोकरीमुळं येऊ शकली नव्हती. केस मागं गेलेले, अंगानं सुटलेला, पण डोळे तेच, गप्प. काकू आठवडाभर आधीपासून पिसाळल्यासारख्या कामाला लागलेल्या. गोठा सारवून घेतला, टोपली धुऊन पालथी घातली. मला म्हणाल्या, "लई साठलंय गं. सगळं बोलायचं हाय."

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणं लोटी घेऊन गेले, तर आत दोघं. तो टोपलीवर, कोटाचं टोक शेणात. काकू धार काढत होत्या आणि बोलत होत्या. अशी कानडी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. थांबायचं नावच नाही, जसं पाटाचं पाणी सोडलं. शेवटी त्यांनी त्याला काहीतरी विचारलं आणि वाट बघत राहिल्या.

तो म्हणाला, "अव्वा, ना..." आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "ना..." मग एक शब्द आला तो तिकडचाच कुठला तरी. तो लाल झाला. मग मराठीत म्हणाला, "आई, कळतं सगळं. बोलता येत नाही. तोंड उघडलं की तिकडचंच येतं."

धारेचा आवाज थांबला. गौरीनं मान वळवून पाहिलं. मी बाहेरच्या बाहेर परत फिरले. लोटी रिकामीच.

तो पंधरवडाभर राहिला. काकू रोज त्याला गोठ्यात नेत होत्या. पहिल्यांदा त्या बोलायच्या आणि तो मराठीत उत्तर द्यायचा. मग त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. तो फार धडपडायचा, मला दिसत होतं. एकदा माझ्याकडं येऊन त्यानं जुनी पत्रं मागितली, आपलीच कानडी वाचायला. ओट्यावर बसून ओठ हलवत वाचत होता. मला तर तिथंच रडू फुटलं. एवढ्या भाषा शिकलेला माणूस, आणि आईशी बोलायची शिकवणी मास्तराच्या बायकोच्या ओट्यावर!

तो निघाला त्या सकाळी पुन्हा माणसं जमली. या वेळी बैलगाडी नव्हती, एसटी होती. मी लोटी घेऊन दारात. मला वाटलं, आता काकू मागच्या दारानं येतील आणि त्याला गोठ्यात ओढत नेतील. त्यालाही तसंच वाटलं असावं. तो सारखा गोठ्याकडं बघत होता.

काकू आल्या त्या पुढच्या दारातून. उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. त्याच्या हातावर दही घातलं. तो पाया पडायला वाकला, आणि काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा करून अगदी धुतल्यासारख्या स्वच्छ मराठीत म्हटलं, "सावकाश जावा. परत या."

तो वाकलेलाच राहिला. किती तरी वेळ. मग म्हणाला, "येतो आई," आणि बॅग उचलून चालायला लागला. वळून बघितलं नाही त्यानं. बघवलं नसेल.

माणसं पांगली तशी माझा मात्र पारा चढला. मी तरातरा जाऊन काकूंना म्हटलं, "काय हे काकू? पोटचा पोरगा तो! शिपायाला म्हणता तसं त्याला म्हणालात? आता पुन्हा कधी येईल तो, कुणास ठाऊक!"

काकू जरासुद्धा रागावल्या नाहीत. "सगळ्या गावासमोर त्याला गोठ्यात नेऊ व्हय? तिथं म्या 'होगि बा' म्हणायचं, आन त्यानं नुसतं तोंड हलवायचं? लाजलं असतं गं माझं लेकरू." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या बापानं न्हाय लाजवलं मला."

मी घरी येऊन कामाला लागले, पण दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी दूध आणायला गेले. गोठ्याच्या दारात थबकले, कारण आतून आवाज नव्हता. नुसती धार कासंडीत पडत होती. इतक्या वर्षांत काकू आणि गौरी एकमेकींशी न बोलता बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. टोपली तशीच पालथी होती. काकूंनी माझ्या लोटीत दूध ओतलं आणि माझ्याबरोबर घरातून पुढच्या दारापर्यंत आल्या, रोज यायच्या तशा. स्वयंपाकघर ओलांडलं, चूल पेटलेली होती. उंबऱ्यावर मी पायताण घातलं. आता नेहमीची दोन वाक्यं येणार आणि ती आज मला ऐकवणार नाहीत, असं मला झालं. म्हणून त्यांच्याआधी मीच बोलले.

"होगि बर्तीनि, अव्वा."

खडीसाखर चावल्यासारखंच वाजलं असणार. काकूंनी मागं वळून चुलीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि तोंड वेडंवाकडं करून त्या रडायला लागल्या. नवरा गेला तेव्हाचं मी पाहिलेलं नाही, पण पोरगा दोन्ही वेळा गेला तेव्हा न रडलेली ती बाई घराच्या उंबऱ्यावर उभी राहून मोठ्यानं रडली. आणि मोठ्यानंच म्हणाली, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "होगि बा. होगि बा, मगळ."

मगळ म्हणजे लेक, हे मला पत्रातून कधी कळलं नव्हतं. त्या वेळी कळलं.

माझं घर ते केवढ्यावर? मधे एक भिंत. तरी मी माझ्या दारात पोचून मागं वळून पाहिलं, तर काकू अजून उंबऱ्यावर उभ्या होत्या. डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होत्या, मी दिसेनाशी होईपर्यंत.